काट्यावरचं कार्ड आणि कागदावरचं नाव

ऐन हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा रात्री बंद पडला की काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. गेटपासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मधे बैलगाड्या असतात, बैलांच्या पाठीवर पोती टाकलेली. गाडीवान शेकोटी करून बसतात. ऊस जितका थांबेल तितका वाळतो, आणि वाळला की वजन घटतं. म्हणजे काट्यापाशी जाणारा प्रत्येक तास शेतकऱ्याच्या पावतीतून वजा होतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात नेटवर्कची कामं करते. पतसंस्था, दूध संस्था, दोन साखर कारखाने. गेल्या हंगामात त्यांतल्या एका कारखान्याच्या काट्यावरचा जुना कॉम्प्युटर डिसेंबरात गेला. त्याच्या जागी पंखा नसलेला, छोटा औद्योगिक कॉम्प्युटर बसवला आणि त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली टाकली. त्याला नेटवर्कचे दोन पोर्ट होते. एकात काट्याच्या इंडिकेटरकडून येणारी केबल, दुसऱ्यात शेतकी ऑफिसकडे जाणारी. पहिला पोर्ट लगेच लागला. दुसरा उठेचना.

त्या पोर्टचं नेटवर्क कार्ड दिसत होतं, पण त्याला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मिळत नव्हता. मी खोक्यावरचं चिपचं नाव पाहिलं, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, डॉक्युमेंटेशनमधलं पान काढलं, तिथल्या ‘चालणारी उपकरणं’ या यादीत ते नाव जसंच्या तसं सापडलं. म्हणजे ड्रायव्हर हाच. मग मी त्याच ड्रायव्हरच्या मागे लागले. ड्रायव्हरचं मॉड्यूल (तो ज्या फाइलमधून चढतो ती) काढून परत चढवलं, पर्याय बदलून पाहिले, केबल बदलली, बायॉस तपासलं. काट्यावरचे तात्या तोवर इंडिकेटरवरचा आकडा वाचून हातानं पावत्या लिहीत होते. बाहेरून एक जण खिडकीत डोकावला, “ताई, कवा हुणार वो चालू?” मी म्हटलं, “होतंय दादा, दहा मिनिटं.” असं मी तीनदा सांगितलं.

पहाटे तीनच्या सुमारास मी नावाचा नाद सोडला आणि आकडे पाहिले. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा नुसती दिली तर नावं दाखवते, ‘-एनएन’ जोडलं तर नावापुढे चौकटी कंसात आकडेही दाखवते. त्यातला दुसरा आकडा मी मॉड्यूल्सच्या यादीत शोधला. ज्या ड्रायव्हरला मी चार तास झोंबत होते त्याच्या नावापुढे तो कुठेच नव्हता. तो होता त्याच कंपनीच्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे, आणि तो दुसरा ड्रायव्हर आम्ही टाकलेल्या आटोपशीर कर्नल पॅकेजमध्ये आलाच नव्हता. जादा मॉड्यूल्सचं पॅकेज पेनड्राइव्हवरून टाकलं. दोन मिनिटांत पोर्टवरचा हिरवा दिवा लागला.

चूक कुठे होती? त्या पानावर एका चिपच्या नावातलं शेवटचं अक्षर गळालं होतं. ते अक्षर असलेली चिप वेगळी, नसलेली वेगळी. दोघी भावंडं, पण ड्रायव्हर दोन. पानावर धाकटीबद्दल लिहायचं होतं आणि नाव पडलं होतं थोरलीचं. माझ्या हातात होती थोरली. (कंपनी आणि ड्रायव्हर यांची नावं मी लिहीत नाही. ती ओळ कुणाच्याही हातून तशी गेली असती, आणि पुढे त्याच लोकांनी मला सांभाळून घेतलं.)

इथे थोडं थांबून सांगते, कारण नेटवर्क कार्डांच्या नावांचा हा गुंता रोज त्यात वावरणाऱ्यांनाही चकवतो. एका कार्डाला किमान पाच नावं असतात. खोक्यावरचं विक्रीचं नाव. चिपवर कोरलेलं नाव. पीसीआय क्रमांक, म्हणजे कार्ड स्वतः मशीनला सांगतं तो. ड्रायव्हरच्या मॉड्यूलचं नाव. आणि शेवटी मशीन चालू झाल्यावर त्या पोर्टला मिळणारं नाव. यांतलं कार्डाला स्वतःला फक्त तिसरं माहीत असतं. सोळा बिटांचा कंपनीचा क्रमांक आणि सोळा बिटांचा उपकरणाचा क्रमांक. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे ८०८६, त्यांच्या जुन्या प्रोसेसरची आठवण. एलएसपीसीआय जी छान नावं छापतं ती कार्डातून येत नाहीत. ती ‘पीसीआय डॉट आयडीज’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमधून येतात. ती फाइल माणसांनी भरलेली आहे.

कर्नलही असंच करतं. प्रत्येक ड्रायव्हरच्या आत आपण कोणकोणते क्रमांक सांभाळतो याचा एक तक्ता असतो. कार्डानं क्रमांक सांगितला की तो ज्याच्या तक्त्यात असेल तो ड्रायव्हर चढतो. नाव मध्ये कुठेच येत नाही. मशीनचं नावावाचून काहीच अडत नाही. नाव लागतं ते फक्त माणसाला, आणि माणूस ते वाचतो डॉक्युमेंटेशनमध्ये. कोडमधला क्रमांक चुकला तर कार्ड चालत नाही आणि कुणीतरी लगेच ओरडतं. पानावरचं नाव चुकलं तर कोणतीही चाचणी पडत नाही. ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि रात्री अडलेला एखादा माणूस त्याच्यावर विसंबून चुकीच्या दारावर थापा मारत बसतो.

नावांवरून अंदाज बांधू नये, याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण इंटेलचंच आहे. आय२१०, आय२१९ आणि आय२२५. वाचताना एका घरातली तीन पोरं वाटतात. आय२१० ला ड्रायव्हर लागतो आयजीबी, आय२१९ ला ई१०००ई आणि आय२२५ ला आयजीसी. रिअलटेकच्या बाबतीत उलटं. ८१६८ हा एकच उपकरण क्रमांक चिपच्या कितीतरी पिढ्यांनी वापरलेला आहे. एलएसपीसीआय तिथे तिरक्या रेघा मारून अनेक नावं एकत्र छापतं, आणि खरी पिढी कोणती ते आर८१६९ हा ड्रायव्हर चढताना लॉगमध्ये ‘एक्सआयडी’ म्हणून जो आकडा लिहितो त्यावरून कळतं. त्यात ड्रायव्हरचीही नावं बदलतात. इंटेलचा आय४०ईव्हीएफ हा ड्रायव्हर २०१८ मध्ये आयएव्हीएफ झाला. तेव्हा जुनं नावही उपनाव म्हणून कोडमध्ये ठेवलं, म्हणून जुन्या नावानं हाक मारली तरी तोच येतो. पण ज्या पानांवर, ज्या वह्यांत जुनं नाव लिहिलेलं होतं, ती कुणीतरी हातानंच बदलायची असतात.

तर त्या रात्रीनंतर आठवडाभरानं मी ठरवलं की कर्नलच्या लोकांना दुरुस्ती पाठवून ते अक्षर आपणच बसवायचं. वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे.

पहिलं काम होतं खात्री करण्याचं. खोक्यावरच्या नावावर आता माझा विश्वास नव्हता. कारखान्याला तसंच एक सुटं कार्ड जादा घेऊन ठेवलं होतं, ते घरी आणलं. चिपवर उष्णता वाहून नेणारा राखाडी लेप होता. कापसाला स्पिरिट लावून तो हलकेच पुसला. कोरलेली अक्षरं समोरून मुळीच दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, बोर्डाला टेकवून धरला, तेव्हा ती उठून आली. तीन ओळी. पहिल्या ओळीत नाव, शेवटी अक्षर नाही. मग कंपनीचं डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, काढलं. त्यात मागवण्याचे कोड आणि उपकरण क्रमांक यांचा तक्ता असतो. तिथे दोन्ही चिपा एकाखाली एक होत्या, दोन वेगळ्या क्रमांकांसकट. ड्रायव्हरच्या तक्त्यातला क्रमांक अक्षरवालीचा होता. तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा मला हायसं वाटलं.

मग चूक कधी आली ते शोधलं. कोणती ओळ कधी आली ते दाखवणारी ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा दिली तर उत्तर आलं की ही ओळ फाइल हलवताना आली. ते काही खरं नव्हतं. कर्नलमधली नेटवर्क ड्रायव्हरांची पानं २०२० मध्ये नव्यानं लावली गेली, इथरनेटची वेगळी, वायफायची वेगळी. त्याआधी साध्या मजकुराच्या फाइली आरएसटी या मांडणीत आणल्या गेल्या होत्या. त्यामुळे मागे जायचं तर फाइलच्या जुन्या जागांचा माग काढत जावं लागतं. तसं गेले. भावंड ड्रायव्हरच्या पानावरून मजकूर घेऊन हे पान तयार झालं होतं, आणि नावं बदलताना काही ठिकाणी अक्षर घालायचं राहिलं होतं. असल्या चुका अशाच येतात. नवं पान कोऱ्या कागदावर कुणी लिहीत नाही.

त्या नावाचे त्या पानावर पाच उल्लेख होते. मी एका आज्ञेत पाचही बदलले, ‘टायपो दुरुस्त केला’ एवढाच संदेश लिहिला आणि पाठवायला घेतलं. पाठवण्याचे इथले नियम कडक आहेत, पण ते शिकायला मला आवडले. ‘गेट मेंटेनर’ नावाची एक स्क्रिप्ट आहे, तिला पॅच, म्हणजे आपल्या बदलाची फाइल, दाखवला की तो कुणाकुणाला पाठवायचा ते सांगते. ‘चेकपॅच’ दुसरी, ती ओळींची लांबी, रिकाम्या जागा, सही असं सगळं तपासते. मेल साध्या मजकुरातच हवा. नेहमीचे मेल प्रोग्राम ओळी मोडतात, टॅबच्या जागा घालतात, आणि मग पॅच लागत नाही. म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’ बसवून घ्यावं लागलं. शेवटी ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ आपल्या नावानं. हे काम द्यायचा मला हक्क आहे, असं त्यातून आपण लिहून देतो. ही पद्धत २००४ पासून आहे. त्या ओळीत स्वतःचं नाव पहिल्यांदा टाइप करताना मी स्पेलिंग दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, तुम्हाला हे कशावरून कळलं? संदेशात पुरावा नाही. दुसरी, तुमच्या चौथ्या बदलाखालचं वाक्य एकदा वाचा.

मी वाचलं आणि अंगावर काटा आला. मूळ वाक्यात अक्षर असलेल्या चिपची तुलना अक्षर नसलेल्या चिपशी केली होती. ‘ही चिप त्या जुन्या चिपसारखीच, पण अमुक बाबतीत वेगळी’, असा अर्थ होता. तिथलं बिनअक्षराचं नाव बरोबरच होतं. माझ्या सरसकट बदलानं ती चिप स्वतःपेक्षाच वेगळी झाली होती. पाचातली चार नावं चुकीची होती, एक बरोबर होतं, आणि मी बरोबरचं बिघडवून ठेवलं होतं. जी चूक दुरुस्त करायला निघाले होते, अगदी तीच मी नव्यानं करत होते. पान न वाचता नाव बदलणं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. प्रत्येक उल्लेखापाशी थांबून विचारलं, इथे लिहिणाऱ्याला कोण अभिप्रेत आहे? चिप, कार्ड की मॉड्यूल? मग चारच बदलले. त्यातला एक मथळ्यात होता. मथळ्याच्या खाली बरोबरीच्या चिन्हांची रेघ असते, ती मथळ्याइतकी तरी लांब असावी लागते. नावात एक अक्षर वाढलं आणि रेघ एका चिन्हानं तोकडी पडली. ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ ही आज्ञा चालवल्यावर पान बांधणाऱ्या स्फिंक्स या प्रोग्रामनं इशारा दिला की मथळ्याखालची रेघ कमी पडते आहे. एक चिन्ह वाढवलं, इशारा गेला. पहिल्या वेळी मी पान बांधून पाहिलंच नव्हतं, नाहीतर तेव्हाच दिसलं असतं.

संदेशही नव्यानं लिहिला. पानावर काय लिहिलं आहे, ड्रायव्हरच्या तक्त्यात कोणता क्रमांक आहे, डेटाशीटमध्ये तो कोणत्या नावापुढे आहे, आणि चुकीच्या नावामुळे वाचणारा कुठे भरकटतो. कारखान्याचं नाव न घेता काट्याची गोष्ट एका ओळीत लिहिली. आधी वाटलं की असल्या ठिकाणी ती शोभणार नाही. पण एका अक्षराचा बदल का महत्त्वाचा, हे त्या ओळीशिवाय कळलंच नसतं.

नव्या पॅचला ‘व्ही २’ म्हणायचं, आणि आधीपेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं, म्हणजे ते इतिहासात जात नाही पण तपासणाऱ्याला दिसतं. कर्नलमधल्या नेटवर्कवाल्यांचा आणखी एक नियम आहे. सुधारित पॅच चोवीस तासांच्या आत परत पाठवायचा नाही. इतरांना वाचायला वेळ मिळाला पाहिजे. मला हा नियम फार पटला. चूक कळली की ती कधी एकदा पुसून टाकते असं होतं, आणि त्या घाईत दुसरी होते.

व्ही २ पाठवला तर उत्तर आलं, झाड (बदल जिथे जमा होतात तो कोडचा साठा) सध्या बंद आहे. नवी आवृत्ती बाहेर पडली की सुमारे दोन आठवडे सगळ्यांचं काम मुख्य झाडात घेतलं जातं. त्या काळात नेटवर्कचं ‘नेट-नेक्स्ट’ हे झाड नवीन काही घेत नाही. मी ते आधी पाहायला हवं होतं. वाट पाहिली. या काळात दुसऱ्या एका वाचणाऱ्यानं सूचना केली की नावासोबत क्रमांकही लिहा. म्हणजे नाव पुन्हा कधी चुकलं तरी माणसाला पडताळून पाहायला काहीतरी राहील. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. त्या रात्री यादीत नावापुढे नुसता चार आकड्यांचा क्रमांक असता तर मी दहा मिनिटांत सुटले असते.

त्याच पानावर आणखी एक खटकणारी गोष्ट होती. उदाहरणांत सगळीकडे ‘इथ०’, हे पोर्टचं जुन्या पद्धतीचं नाव. सिस्टमडी या, लिनक्स मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची १९७ वी आवृत्ती २०१३ मध्ये आली तेव्हापासून बहुतेक मशीनवर पोर्टचं नाव ‘ईएनपी३एस०’ असं काहीतरी असतं. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे तीन क्रमांकाची बस (कार्डं जोडणारी वाट), एस० म्हणजे शून्य क्रमांकाचा स्लॉट. बोर्डावरच्याच पोर्टला ‘ईएनओ१’. नवखा माणूस इथ० टाइप करतो आणि असं उपकरण नाही म्हणून उत्तर मिळतं. मी तेही याच पॅचमध्ये बदलायला निघाले होते. सांभाळणाऱ्यानं अडवलं. एका पॅचमध्ये एकच बदल. चिपचं नाव हा एक विषय, पोर्टचं नाव हा वेगळा. उद्या एक मागे घ्यायची वेळ आली तर दुसरं सोबत जाऊ नये.

झाड उघडल्यावर व्ही ३ गेला. तिसऱ्या दिवशी आपोआप तयार झालेला एक मेल आला, पॅच नेट-नेक्स्टमध्ये घेतला आहे. आकडेवारी होती एक फाइल, सहा ओळी आल्या, पाच गेल्या. चार नावं, एक लांबलेली रेघ, आणि क्रमांकांची एक नवी ओळ. मी तेव्हा एका पतसंस्थेत राउटर बसवत होते. तिथल्या शिपाईमामांनी विचारलं, “काय झालं ताई, चांगली बातमी?” मी म्हटलं, “हो, एक स्पेलिंग सुधारलं.” त्यांनी चहा आणला.

कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते, त्यामुळे ते पान बाहेर यायला हंगाम उलटून गेला. वापरात असलेल्या जुन्या आवृत्त्यांसोबत जुनंच पान आहे, आणि ते बरेच दिवस राहणार. म्हणून कारखान्यांत मी एक काम जास्तीचं करते. यंदा बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी देखभालीला गेले तेव्हा प्रत्येक काट्यावरच्या कॉम्प्युटरला पट्टी चिकटवली. चिपचं नाव, पीसीआय क्रमांक, मॉड्यूल, आणि कोणती केबल कोणत्या पोर्टात. तात्यांनी चष्मा वर करून ती वाचली. “ह्यो आकडा कसला वो?” मी सांगितलं, कार्ड स्वतःबद्दल सांगतं तो. त्यांनी पावत्यांच्या रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर तो चारही अक्षरांसकट उतरवून घेतला, आणि मी वाचून दाखवला तेव्हा बोट ठेवून एकेक जुळवून पाहिला.

इथ०चा पॅच अजून माझ्याकडेच आहे. सात उदाहरणं आहेत, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी ते नाव खरंच तसंच हवं आहे की काय, ते मी अजून तपासते आहे.